धुऱ्यावरची खुडूक

आमच्याकडे कोंबड्या बायकांच्या असतात. वावर माझ्या नावावर आहे, बकऱ्या घराच्या आहेत, पण कोंबडी ज्या बाईची, तिचीच. तिने माहेरून आणलेली असली तर तिची पिलंही तिचीच. पाहुणा आला आणि कोंबडी कापायची झाली, तर घरचा कर्ता पुरुषसुद्धा आधी विचारतो. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि तरी मी सुनेच्या कोंबडीच्या बाबतीत तिला न विचारता जे केलं, ते केलं.

आमचं घर वावरातच आहे. कारंजा (घाडगे) इथून फार दूर नाही. वारा त्या बाजूचा असला की हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न बकऱ्यांच्या कोठ्यापर्यंत ऐकू येतात. सिंदीला जिनिंगमध्ये मी बरीच वर्षं कापूस मोजला, नंतर ते काम सुटलं आणि आम्ही दोघं इथं येऊन राहिलो. मुलगा जाम या गावी एका गॅरेजात असतो आणि सुट्टीला येतो. म्हणजे रोजची माणसं तीनच, मी, बायको आणि सून. बाकी बकऱ्या, कोंबड्या आणि एक म्हातारी कुत्री.

सून लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन परत आली, तेव्हा तिच्या हातात डालगं होतं आणि डालग्यात ही कोंबडी. काळी, मानेवर तांबूस झाक असलेली, पाय पिवळे. दिसायला विशेष काही नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात तिच्या माहेरच्या खुराड्यात मानमोडीची साथ शिरली आणि आठवड्याभरात सगळ्या कोंबड्या गेल्या. तिच्या आईने कितीतरी वर्षं जपलेली ती वीण होती. तिच्यातली एकच जिवंत राहिली, आमच्या अंगणातली. तेव्हापासून विहीणबाईंचा फोन आला की लेकीची खुशाली विचारून झाल्यावर दुसरा प्रश्न ठरलेला असायचा. "बसली का व तुही कोंबडी?"

आषाढात विहीणबाईंना ताप आला, सांधे धरले, आणि सून त्यांच्याकडे गेली. जाताना बायकोला सांगून गेली की कोंबडी खुडूक झाली तर अंड्यांवर बसू द्यायची, पिलं आईला द्यायची आहेत. बायकोने ते मला सांगितलं. मी ऐकलंही होतं. विसरलो असं मी म्हणू शकलो असतो, पण ते खरं नाही.

सून गेली आणि थोड्याच दिवसांत कोंबडी खुडूक झाली. टोपल्यातून उठेना. जवळ गेलं की अंग फुगवून घशातल्या घशात गुरगुरायची. खाली अंडी होती. पण ऐन पावसात आमच्याकडे सहसा कोंबडी बसवत नाहीत. ओल लागून पिलं मरतात, उरलेली मुंगूस नेतो. वीण एकाच कोंबडीवर टेकलेली, तर तिला आता वाया कशाला घालवायचं, दिवाळीच्या सुमाराला कोरड्यात बसवू, असा मी विचार केला. विचार काही वाईट नव्हता. वाईट हे, की फोन माझ्या खिशात होता आणि मी तो केला नाही. मला जास्त कळतं असं मला वाटलं.

खुडूक मोडायची आमच्याकडची रीत ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. कोंबडीला गार पाण्यात बुडवतात आणि तिचंच एक पीस उपटून, त्याचा दांडा तिच्या एका नाकपुडीतून घालून दुसरीतून बाहेर काढतात. चोचीवर आडवं पीस घेऊन कोंबडी दिवसभर मान झटकत फिरते आणि त्या त्रासात बसायचं विसरते. माझ्या आईने असं केलेलं मी पाहिलं आहे, मीही केलं आहे. कधी काही वाटलं नाही.

त्या दिवशी बायको कोठ्याच्या दारात उभी राहून पाहत होती.

"अजी, तिनं बसवा म्हनलं होतं."

"या पान्या-पावसात बसवून का मारतं तिले?"

"तिची कोंबडी हाये. तिले फोन तरी करा."

"तिच्या मायले ताप हाये. कोंबडीसाठी काय फोन करतं?"

 टोपल्यातली अंडी बायकोने आत नेली, आणि त्या संध्याकाळी त्यांचा रस्सा झाला. मी दोन भाकरी खाल्ल्या.

काही दिवस कोंबडी चिडून फिरली, मग शांत झाली. पंधरवड्यात तिचा तुरा पुन्हा लाल झाला. म्हणजे आता अंडी देणार, असं मी बायकोला ऐकवलं. टोपल्यात मात्र अंडं दिसेना. सकाळी बकऱ्यांसाठी रचलेल्या कुटाराच्या ढिगामागून निघून ती कुठं तरी जायची, दुपारी परत यायची, संध्याकाळी खुराड्यात. तुरा लाल आणि टोपलं रिकामं, याचा अर्थ माझ्या ध्यानात यायला हवा होता. आला नाही. आणि नागपंचमीनंतर आठवड्याभराने एका संध्याकाळी ती परतलीच नाही.

दुसऱ्याच दिवशी सून आली. पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायली आणि अंगणातून एक फेरी मारली.

"मामाजी, माही कोंबडी कुठीसा गेली?"

"काल संध्याकाळपासून दिसून नाई राह्यली," मी म्हणालो. एवढं खरं होतं. पुढचं मी जोडलं. "मुंगसानं नेली असंल."

"पिसं पडली होती का कुठी?"

"पिसं नाई दिसली."

"मंग मुंगसानं काऊन नेली म्हनता?"

मी बकऱ्यांना पाला टाकायला निघून गेलो. मागे बायको चुलीशी बसली होती. तिने मला उघडं पाडलं नाही, पण रात्री ताट वाढताना माझ्याकडे पाहिलं नाही. सुनेचं फोनवर आईशी बोलणं चाललं होतं. "नाई व माय, बसली नाई. दिसूनच नाई राह्यली." 

त्या दिवसापासून मी भाजी आणायला जाऊ लागलो. तसं श्रावणात आमच्या घरी बाजारची भाजी फारशी येत नाही. तरोटा, म्हणजे टाकळा, कोवळा होता तोवर तो झाला. मग धुऱ्याधुऱ्याने, वावरांच्या कडेच्या पडीक पट्ट्यांवर, काटवलं म्हणजे करटोली लागतात, वारुळांच्या कडेने सात्यांची अळंबी उगवते, नाल्याच्या काठी धोप्याच्या अळूची पानं ताटाएवढी होतात. हे सगळं आणायचं काम बायकांचं, मी फार तर बकऱ्यांमागे फिरताना रुमालात बांधून आणायचो. आता मी टोपली घेऊन सकाळीच निघायचो आणि प्रत्येक झुडपात वाकून पाहायचो. पिसं शोधत होतो की कोंबडी, हे माझं मलाच सांगता आलं नसतं. पिसं सापडली असती तर माझं बोलणं खरं ठरलं असतं. त्याची इच्छा माझ्या मनात कुठं तरी होती, हे लिहायला लाज वाटते.

पण त्या शोधात माझ्या बुडाखालचं वावर मी पहिल्यांदा नीट पाहिलं. काटवलाची वेल बोरीच्या काट्यातून वर कशी चढते, आपल्याला ओरखडे काढणाऱ्या काट्याला बोटभर तंतूने कशी धरून राहते, हे पाहत मी एकदा बराच वेळ उभा राहिलो. आदल्या दिवशी जिथं नुसती माती होती, तिथं सकाळी सात्यांच्या छत्र्या उभ्या. वरच्या मातीला तडा गेलेला आणि छत्रीच्या टोकावर ढेकूळ तसंच. एवढ्या मऊ वस्तूने हे ढेकूळ उचललं कशानं? मी ते बोटाने दाबून पाहिलं. ते टणक होतं. खालची छत्री मात्र बोटाखाली लोण्यासारखी दबली.

बांधाच्या पलीकडे, जंगलाच्या बाजूला आमचा एक जुना धुरा आहे. घाणेरी, बोरी आणि काटवल यांचं तिथं असं गचपण झालेलं आहे की बकऱ्याही आत तोंड घालत नाहीत. आठवड्याने असेल, तिथं दोन टपोरी काटवलं दिसली म्हणून मी हात आत घातला. पानं ओली, माती ओली, फांद्यांवरून पाणी मनगटात उतरत होतं. हात आणखी आत गेला आणि बोटांना एकदम गरम लागलं.

साप गरम नसतो, हे मला कळत होतं. तरी हात मागे घेता येईना. ती ऊब वेगळीच होती. सगळा धुरा गार पडलेला आणि त्याच्या मधोमध तव्यावरून नुकतीच काढलेली भाकरी ठेवावी तशी एक जागा. मग चोच बसली, जोरात, अंगठ्याच्या मुळाशी.

फांदी बाजूला केली. ती बसली होती. पाठीवरची पिसं भिजून चिकटलेली, पण पोटाखालचं गवत कोरडं होतं. तिने पंख जरा पसरून जमिनीला असे टेकवले होते की पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून जात होतं. आणि चोचीवर आडवं, मळून दोरीसारखं झालेलं ते पीस. मी घातलेलं. त्या पिसानं बसायचं विसरायला हवी होती ती. ते पीस घेऊनच तिने जागा शोधली, अंडी घातली, कोणाला न कळू देता रोज येऊन गेली आणि शेवटी येऊन बसली. टोपल्यातली अंडी माणसं नेतात एवढं तिला मी शिकवलं होतं. बाकीचं तिला कोणी शिकवलं?

मी तिथं चिखलात टेकलो. ती माझ्याकडे एका डोळ्याने पाहत राहिली. पापणी लवत नव्हती.

मग मनात पहिला विचार आला तो हा, की पीस काढून टाकावं. दांड्याला धरून ओढलं की निघेल, आणि सुनेला सांगता येईल की बघ, तुझी कोंबडी मी शोधून काढली. तिला काही कळणार नाही. बायको बोलणार नाही. मी हात पुढे नेला. कोंबडी जागेवरून अर्धी उठली, खालची अंडी दिसली, आणि त्यांच्यावरून वाफ निघाल्यासारखं मला वाटलं. हात आणखी पुढे गेला असता तर ती उठून पळाली असती, कदाचित कायमची. मी हात मागे घेतला. ती पुन्हा खाली बसली, अंग डावी-उजवीकडे हलवून एकेक अंडं पोटाखाली घेतलं. तेवढं झाल्यावर मी उठलो आणि घरी गेलो.

सून धुणं वाळत घालत होती.

"बाई, कोंबडी सापडली. धुऱ्यावर बसली हाये, अंड्यावर."

तिच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. "खरंच, मामाजी?"

"खरं. अन् आनखी एक हाये. चाल, दाखवतो."

 धुऱ्यावर पोचल्यावर मी फांदी बाजूला धरली. ती वाकली, आणि पाहत राहिली.

"हे कोनं केलं?"

"म्या."

"कधी?"

"तू गेलती तेव्हा. खुडूक झाली होती, म्या मोडली. तू बसवा म्हनून सांगून गेलती थे मले मालूम होतं. अन् मुंगसाचं मी खोटं बोललो."

ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. खाली उकिडवी बसली आणि जिभेने टाळूवर चक् चक् असा अगदी हळू आवाज करू लागली, कोंबडी पिलांना बोलावते तसा. किती तरी वेळ नुसती तेच करत होती. मग पालथा हात जमिनीवरून सरकवत कोंबडीच्या छातीखाली नेला आणि दुसऱ्या हाताने पिसाचं टोक चिमटीत धरलं. कोंबडीने मान झटकली नाही. पीस सुळकन बाहेर आलं. सुनेने ते माझ्याकडे न पाहता चिखलात टाकलं.

"मामाजी, एक बोलू?"

"बोल."

"तुमच्या नाकात काडी घालून कोनी तुमाले जेवाले बसवलं, त तुमी जेवसान का जी?"

"नाई."

"हे बसली." ती उठली. "चला. तिले त्रास होऊन राह्यला आपला."

त्यानंतर ती माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. चहा द्यायची, ताट द्यायची. कोंबडीबद्दल मात्र नियम तिचे. वर ताडपत्री टाकायची नाही, जागा ओळखू येईनाशी झाली तर ती सोडून जाईल. हात लावायचा नाही. बोरीच्या काट्या तोडून भोवती टाकायच्या, तिला जाण्यायेण्यापुरती फट ठेवायची. मी काट्या तोडल्या. बकऱ्या त्या बाजूला जाऊ दिल्या नाहीत. रोज थोडी ज्वारी आणि पाण्याची वाटी काही अंतरावर ठेवून मी लांब बसायचो.

दिवसातून एकदाच ती उठायची. धावत यायची, घाईघाईने टिपायची, पाणी प्यायची आणि कोणी मागे लागल्यासारखी परत. आम्ही जेवायला जितका वेळ घेतो, त्याच्या पाव भागात तिचं सगळं आटपायचं. अंगातलं मांस उतरत चाललं होतं. छातीचं हाड पिसांतून दिसू लागलं. आपल्या अंगाची ऊब अंड्यांत उतरवते म्हणतात, ते मी रोज डोळ्यांनी पाहत होतो.

पोळ्याच्या अलीकडे दुपारी असा पाऊस आला की वावरातलं काही दिसेना. बायको म्हणाली, "धुऱ्याच्या वरच्या अंगानं पानी येते, मागच्या साली तठूनच फुटलं होतं." मी फावडं घेऊन धावलो. मागून सून आली, डोक्यावर पोतं घेऊन. बायको म्हणाली होती तसंच, वरच्या पऱ्हाटीतून, म्हणजे कपाशीतून, पाणी जमून धुऱ्याकडे उतरत होतं आणि काट्यांच्या फटीपासून हातभर अंतरावर पोचलं होतं.

"इकून खांदा, मामाजी! इकून!"

मी खांदत गेलो. ती हातांनी चिखल ओढून पाळ घालत होती. आमच्या पायांशी लाल पाणी वळलं, थबकलं, आणि नव्या चरातून नाल्याकडे निघालं. तेव्हा मी फटीतून आत पाहिलं. कोंबडीने मान अंगात ओढून घेतली होती. पावसाचा मार सरळ पाठीवर पडत होता. पाणी येत होतं हे तिला दिसत असणार. ती उठली नव्हती. आम्ही पोचलो नसतो तरी उठली नसती, याबद्दल मला शंका नाही. मी देवळात जातो, हात जोडतो, पण कोणापुढे मान आपोआप खाली गेली असं त्याआधी माझ्या आयुष्यात क्वचित झालं असेल.

"हिले काय म्हनाव," सून पोत्याखालून म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा झाला होता. निदान मला तसं वाटलं.

पोळा झाल्यावर दोन-तीन दिवसांनी तिने मला हाक मारली. "मामाजी, या. पन चपला तठीच काढा."

आम्ही दोघं काट्यांशेजारी ओल्या गवतात बसलो. तिने ओठांवर बोट ठेवलं. प्रथम मला पानांवरून ठिबकणारं पाणीच ऐकू आलं. मग त्याखाली, फार बारीक, टिक् आणि त्यामागून चीं. थांबून पुन्हा. आणि कोंबडी, जिच्या तोंडून मी गुरगुरण्याशिवाय काही ऐकलं नव्हतं, ती उत्तर देत होती. हळू, घशातून, एकेक आवाज. तिचा आवाज झाला की आतली चीं मोठी व्हायची. कवच अजून फुटलं नव्हतं. एकाने दुसऱ्याला पाहिलं नव्हतं, आणि ओळख झालेली होती.

मी पन्नाशीला आलो आहे. अंडी उकडून, तळून, रश्शात घालून किती खाल्ली त्याचा हिशेब नाही, आणि अंड्याच्या आतून कोणी बोलतं हे मला माहीत नव्हतं. माझ्या घरात, माझ्या कोठ्यात, माझ्या आईच्या आणि बायकोच्या टोपल्यांत हे बोलणं आयुष्यभर चाललेलं असणार.

सुनेने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि काट्यांच्या फटीशी धरला. "माय, आयक. काई बोलू नोको, नुसतं आयक."

 मग फोनमधून विहीणबाई म्हणाल्या, "किती हायेत व?"

"अजून कोठी! निंघतीन तेव्हा सांगतो."

"जवळ कोन हाये?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. "मामाजी हायेत. त्याइनंच राखली."

मोडलीही त्यांनीच, हे ती म्हणाली नाही. मी ते म्हणायला तोंड उघडलं, पण तिने मान हलवली आणि फोन कानाला लावून दुसऱ्याच गोष्टी बोलू लागली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट पायाखालची माती तेवढीच ओली होती आणि अंगठ्याच्या मुळाशी चोचीची खूण अजून गेली नव्हती.

सगळी अंडी फुटली नाहीत. काही थंडच राहिली, ती सुनेने नाल्याकाठी पुरली. पण जी फुटली, त्यांतली पिलं दुसऱ्या दिवशी उन्हाची तिरीप पडली तशी आईच्या पंखांतून डोकी काढू लागली. एक काळं, एक तांबूस, एकाच्या मानेवर तीच झाक. दोन दिवसांनी कोंबडी स्वतःच उठली आणि त्यांना घेऊन घराकडे निघाली.

पऱ्हाटीतून पायवाट आहे, एका माणसापुरती. मी घराकडून येत होतो, ती समोरून. पुढे ती, मागे पिलांची सैल ओळ, सगळ्यांत मागे सून, हातात फोक घेऊन घारीवर डोळा ठेवत. कोंबडीने मला पाहिलं आणि जागीच थांबली. पिसं फुगली, पंख खाली आले, आणि ती पिलांच्या पुढे आडवी झाली. सुनेकडे तिची पाठ होती. सगळा फुगारा माझ्यासाठी होता.

मी थांबलो. आता काय करावं ते कळेना. मागे वळलो तर पाठलाग करेल, पुढे गेलो तर पिलं विखुरतील.

"मामाजी," सून म्हणाली, "बाजूले व्हा न जी. तिले येऊ द्या."

मी पायवाट सोडून पऱ्हाटीत उतरलो. पाय घोट्यापर्यंत रुतले, धोतर भिजलं. कोंबडी काही वेळ मला निरखत राहिली. मग तिने घशातून तो हळू आवाज काढला, आणि पिलं एकामागून एक माझ्या गुडघ्यांजवळून पुढे गेली.